नखाच्या बुडाशी दात

मादी काळ्या माशीच्या नखाच्या बुडाशी एक दात असतो, किंवा नसतो. माशी स्वतः दोन-तीन मिलिमीटरची, तिचा पाय केसाहून फारसा जाड नाही, त्या पायाच्या टोकाला नखांची जोडी आणि नखाच्या बुडाशी हा दात. चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली चारशेपट मोठा केला की तो स्वच्छ दिसतो. दात मोठा असेल तर ती मादी बहुतेक करून पक्ष्यांचं रक्त पिणारी. दात बारीक असेल किंवा मुळीच नसेल, तर गाईगुरं, घोडी आणि माणूस तिच्या वाट्याला येतात. पिसांच्या दाटीत शिरून धरून राहायचं तर नखाला अशी अडकण लागते, उघड्या कातडीवर तिचं काम पडत नाही, अशी त्यामागची उपपत्ती. काळ्या माशीची नवी जात जगापुढे मांडणारा अभ्यासक हा दात पाहिल्याशिवाय पुढे सरकत नाही. आणि त्याच्या लांबलचक यादीत या दाताला जागा मिळते ती जेमतेम एका ओळीची.

‘नवी जात सापडली’ ही बातमी वर्तमानपत्रात चार ओळींत येते. वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी रानात गेलं, जाळं फिरवलं आणि आजवर कुणी न पाहिलेली माशी त्यात अडकली. जाळ्यात अडकते ती नुसती माशी. तिची जात ठरते ती पुढे महिनोन्‌महिने टेबलाशी बसून लिहिलेल्या वर्णनातून. ते वर्णन असं हवं, की कधी न भेटलेल्या, दुसऱ्या देशातल्या, कदाचित पन्नास वर्षांनी जन्मणाऱ्या माणसानं ते वाचावं आणि तीच माशी पुन्हा ओळखावी.

ही माशी घरात घोंघावणारी नव्हे. प्राणिशास्त्र तिला ‘सिम्युलिडी’ कुळात घालतं आणि तिचं जवळचं नातं डास-चिलटांशी लागतं. जगात या कुळाच्या २४०० च्या आसपास जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. संत्रा-मोसंबीच्या पानांवर कोळशी आणणारी काळी माशी आपल्याकडच्या बागाइतदारांना माहीत असते, पण तो रस शोषणारा निराळाच कीटक. आपली काळी माशी ठेंगणी, छातीला कुबड असलेली, रुंद पंखांची. ती दिवसा आणि उघड्यावर चावते. डास सुई खुपसतो, ही दातेरी जबड्यांनी कातडी कापते. कापल्या जागी रक्ताचा थेंब साचतो आणि तो ती पिते. म्हणून चावल्या जागी बारीक लाल ठिपका राहतो, मग खाज सुटते, मग गांधी उठते. रक्त लागतं ते फक्त मादीला, अंडी पिकवण्यासाठी. नर फुलांतल्या मधावर जगतो.

वाहत्या पाण्यातला संसार

जळगाव जिल्ह्यातलं धरणगाव म्हटलं की इतिहासवाल्यांना इंग्रज अधिकारी औट्रम आठवतो. १८२५ मध्ये त्यानं इथे भिल्ल पलटण उभी केली. कवितावाल्यांना बालकवी आठवतात. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म इथला, १८९० चा, आणि ‘निर्झरास’ ही त्यांची कविता मराठी शाळेत शिकलेल्या पिढ्यांच्या कानात आहे. निर्झराच्या त्याच पाण्यात दगडाला चिकटून बसलेल्या अळीकडे कवींचं लक्ष जायचं कारण नव्हतं. पण निर्झर वाहता आहे, याचा तिच्याइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही. साचलेल्या डबक्यात डास होतात, काळी माशी होत नाही. तिच्या अळीला पाण्यातला प्राणवायू लागतो आणि अन्नही पाण्यानंच आणून द्यावं लागतं.

धरणगाव तालुक्याच्या उत्तरेला तापी, पूर्वेच्या अंगाला गिरणा, आणि अंजनीही इथूनच तापीकडे जाते. उन्हाळ्यात या नद्यांची पात्रं कोरडी पडतात, उरतात ते डोह. त्यामुळे माशीचा माग काढायचा तो पावसाळा सरताना, गढूळ पाणी निवळल्यावर. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावलच्या अंगाला, ओढे दगडांवरून खळाळत उतरतात ती जागा उत्तम. पण डोंगरच हवा असं नाही. धरणाच्या सांडव्याखाली, पाटाला आवर्तन सुटलं की मोरीच्या तोंडाशी, पाटचारीत पाणी एका पातळीवरून खालच्या पातळीवर पडतं त्या कडेला, कुठेही तिचं बस्तान बसतं. उलट तलावातून बाहेर पडणारं पाणी शेवाळाच्या सूक्ष्म कणांनी भरलेलं असतं, तिथे तर अळ्यांची दाटी होते.

मोरीपाशी गुडघाभर पाण्यात उभं राहून गवताची पाती उलटीपालटी करणारा माणूस दिसला की वाटेनं जाणारा शेतकरी थांबतोच. ‘काय धुंडी ऱ्हायनात भाऊ?’ माशीची अळी, असं सांगितलं की तो आधी हसतो, मग स्वतःच वाकतो, आणि पात्याच्या बुडख्याशी डोलणारा अर्धा सेंटिमीटरचा काळपट जीव बोटानं दाखवतो. ‘हाई का?’ हीच. त्याच्या नजरेला ती रोजची असते. पाण्यात बुडालेल्या पात्यावर, प्लॅस्टिकच्या पिशवीवर, पाइपाच्या तोंडावर अशा अळ्यांचा थर त्यानं कितीदा पाहिलेला असतो. या अळीतून उडणारा कीटक निघतो आणि बांधावरच्या गाईच्या कानात शिरून तिला बेजार करतो, हा दुवा मात्र त्याला नवा असतो.

थाळीतली अळी

पांढऱ्या इनॅमलच्या थाळीत ओढ्याचंच पाणी घ्यावं, पातं त्यात ठेवावं आणि थाळी भिंगाखाली सरकवावी. अळीचं शरीर मागच्या बाजूला फुगलेलं असतं. शरीराच्या शेवटच्या टोकाला बारीक आकड्यांचं कडं असतं, ओळीमागून ओळी, शेकडो आकडे. अळी आधी तोंडातून रेशीम काढून दगडावर त्याची गादी लिंपते आणि त्या गादीत हे आकडे रुतवून उभी राहते. धारेत डोकं खालच्या अंगाला लोंबतं, शरीर किंचित पिळलेलं असतं. जागा बदलायची असेल तर छातीवरचा एकुलता आखूड पाय पुढे टेकते, तिथे नवी गादी लिंपते आणि मागचं टोक उचलून तिथे आणते. धारेनं उचललंच, तर रेशमाच्या धाग्याला लटकते आणि त्याच धाग्यावरून परत चढते.

थाळीतलं पाणी स्थिर असेल तर ती काही करत नाही. काडीनं पाणी हळूच ढवळावं. डोक्याच्या दोन बाजूंना मिटून ठेवलेले पंखे उघडतात. प्रत्येक पंख्यात डझनावारी बारीक किरणं, प्रत्येक किरणावर त्याहून बारीक केस. पाण्यातले जिवाणू, शेवाळाचे कण, पानांचा चुरा त्यात अडकतो. क्षणभरानं एक पंखा मिटतो, तोंडाशी येतो, जबड्यांवरचे ब्रश तो पुसून घेतात, पंखा पुन्हा उघडतो, तोवर दुसरा मिटलेला असतो. हे अखंड चालू राहतं. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे कणही या पंख्यांतून सुटत नाहीत. अळीनं गाळून, पचवून बाहेर टाकलेल्या गोळ्या खालच्या प्रवाहातल्या इतर जिवांचं अन्न होतात, आणि अळी स्वतः माशांचं.

वर्णन लिहिणाऱ्याला या पंख्यात कौतुकापेक्षा संख्या हवी असते: मुख्य किरणं किती. मग तो अळी उलटी करतो. डोक्याच्या खालच्या बाजूला, तोंडाच्या कडेशी दातांची एक रांग असते, बहुतेक जातींत पुढे नऊ. मधला दात उंच की कडेचे, याची नोंद होते. त्यामागे कवचात एक फिकट खाच असते. ती उथळ आहे, गोल आहे, टोकदार आहे, की दातांच्या रांगेपर्यंत पोचते, यावरून जातींचे गट वेगळे पडतात. स्पर्शेंद्रियांची लांबी, पोटावरचे केस, गुदद्वाराजवळचे मऊ कल्ले, सगळं क्रमानं येतं.

आणि मग काळा डाग. पूर्ण वाढलेल्या अळीच्या छातीच्या दोन्ही बाजूंना कातडीखाली गडद डाग दिसतो. अळी अजून अळीच आहे, पण पुढे कोषात लागणारे श्वासनतंतू या डागाच्या आत गुंडाळी करून तयार आहेत. बारीक सुईनं कातडी फाडून ती गुंडाळी अलगद सोडवली की तंतू मोजता येतात. या मोजणीनं अळी आणि कोष एकाच जातीचे आहेत हे सिद्ध होतं. ओढ्यात एकाच दगडावर तीन-चार जातींच्या अळ्या शेजारी शेजारी बसलेल्या असतात. कोणती अळी कोणत्या कोषाची, हे अंदाजानं म्हणून चालत नाही.

कोष आणि त्याचे तंतू

वाढ पुरी झाली की अळी रेशमाचं घरटं विणते. अनेक जातींत त्याचा आकार सपातेसारखा, तोंड प्रवाहाच्या खालच्या दिशेला. आत कोष बसतो आणि छातीच्या दोन बाजूंनी श्वासनतंतूंचे दोन झुबके बाहेर काढतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू हे तंतू घेतात, आणि पाणी उतरून कोष उघडा पडला तर हवेतलाही घेतात. कोष खात नाही, हलत नाही. उबदार पाण्यात चार-सहा दिवसांत त्यातून माशी निघते.

काळ्या माशीच्या शास्त्रात या तंतूंइतकी सोयीची खूण दुसरी नाही. ‘सिम्युलियम ऑरिओहर्टम’ ही भारतापासून जपानपर्यंत पसरलेली जात. तिच्या प्रत्येक झुबक्यात चार तंतू असतात. ‘सिम्युलियम स्ट्रायाटम’च्या गटात दहा. काही जातींत ते डझनावारी फुटतात. पण नुसत्या आकड्यावर भागत नाही. तंतू एका देठातून निघतात की दोन, देठ किती लांब, फाटे दोन-दोन की तीन-तीन, वरचा तंतू खालच्यापेक्षा किती जाड, दोन तंतूंत कोन किती, हे सगळं काढून दाखवावं लागतं. मग कोषाच्या डोक्यावर आणि छातीवर किती केस, ते साधे की फाटे फुटलेले, पोटाच्या वलयांवर कुठे आकडे, कुठे काट्यांच्या रांगा. कोष घरट्यात धरून राहतो तो याच आकड्यांच्या बळावर.

पुढचा दुवा जोडायचा तो कोष आणि माशीचा. त्याची रीत साधी आहे आणि संयम मागणारी आहे. पक्व झालेला, काळवंडलेला कोष घरट्यासकट उचलावा, छोट्या बाटलीत ओल्या कागदावर एकटा ठेवावा. एका बाटलीत एकच. एक-दोन दिवसांत माशी बाहेर येते. ओढ्यात ती हवेच्या बुडबुड्यात बसून वर येते, अंग न भिजवता. बाटलीत तेवढं करावं लागत नाही. तिला लगेच मारू नये. काही तास जाऊ द्यावे, म्हणजे अंग कडक होतं आणि रंग खरा उतरतो. मग माशी आणि तिचं रिकामं कवच, दोन्ही एकाच कुपीत अल्कोहोलमध्ये. अळी ते कोष काळ्या डागानं जोडले गेले, कोष ते माशी या कवचानं. ही साखळी तुटली तर वर्णन लंगडं पडतं.

माशी सुटी करताना

जातींचं वर्णन ठरलेल्या क्रमानं जातं: मादी, नर, कोष, अळी. मादीचं डोकं आधी. दोन डोळ्यांमध्ये कपाळाची पट्टी असते, तिची रुंदी आणि उंची यांचं गुणोत्तर. नराच्या डोक्यात अशी पट्टीच नसते, दोन्ही डोळे मधोमध भिडलेले. त्यातही वरच्या अर्ध्या भागातली भिंगं खालच्यांपेक्षा कितीतरी मोठी असतात. थव्यात उडताना आभाळाच्या उजेडावर मादी टिपायला ती उपयोगी. वर्णनात ही मोठी भिंगं किती उभ्या रांगांत आणि किती आडव्या रांगांत आहेत ते येतं. स्पर्शेंद्रिय आखूड, बहुधा ११ खंडांचं, कोणते खंड पिवळे, कोणते तपकिरी. तोंडाजवळच्या मिशांच्या तिसऱ्या खंडात एक पोकळी असते. उच्छ्वासातला कर्बवायू हेरून माणूस-जनावर कुठे आहे ते कळण्यासाठी मादीला तिचा आधार आहे. त्या पोकळीची लांबी खंडाच्या लांबीच्या किती पट, याचाही हिशेब होतो.

छातीची पाठ काळी, करडी की तांबूस, तिच्यावर पट्टे आहेत का, उजेडाची दिशा बदलली की ते उलटे दिसतात का. छातीच्या बाजूच्या खालच्या फळीवर केस आहेत का. दक्षिण आणि आग्नेय आशियात मोठ्या संख्येनं असलेल्या ‘गॉम्फोस्टिल्बिया’ या उपप्रजातीत या फळीवर सहसा केस असतात, ‘सिम्युलियम’ उपप्रजातीत सहसा नसतात. पंखाच्या पुढच्या शिरा जाड, मागच्या पुसट, एका विशिष्ट शिरेवर केस की तीही उघडी. मागच्या पायाच्या पहिल्या पाऊलखंडाच्या टोकाला एक चपटा पदर, दुसऱ्या खंडावर एक खाच. आणि मग नख.

खरा कस लागतो पोटाच्या टोकाशी. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन जाती जननेंद्रियांत वेगळ्या निघतात, कारण नर-मादीचं जुळणं त्या आकारांवर ठरतं. पोटाचं टोक कापून पोटॅशच्या द्रावणात ठेवतात. मांस विरघळतं, कायटिनचं कवच उरतं. धुऊन ग्लिसरिनच्या थेंबात घेतलं की मादीत दुबेळक्याच्या आकाराचा कवचाचा एक तुकडा आणि वीर्य साठवणारी गोल पिशवी दिसते. नरात धरण्याचे दोन चिमटे आणि त्यांच्यामध्ये एक पट्टी. ही पट्टी समोरून एक आकार दाखवते, बाजूनं दुसरा, टोकाकडून तिसरा. तिन्ही बाजूंनी ती काढावी लागते. काचपट्टीवर दाबली की आकार बिघडतो, म्हणून थेंबातच सुईनं वळवत राहायचं. छायाचित्राचा इथे पुरता उपयोग होत नाही, कारण एका वेळी एकच पातळी स्पष्ट येते. सूक्ष्मदर्शकाला आरसा जोडून कागदावर पेन्सिलीनं काढलेली रेघ अजूनही लागते. एवढं एका माशीचं झालं की पुढची घ्यायची. आकडे एका नमुन्याचे नकोत, अनेकांचे हवेत, किमान आणि कमाल देऊन.

पुरींचं कसौली

भारतातल्या काळ्या माशीची नोंद १८८० च्या दशकात आसामच्या बाजूनं सुरू झाली. तिथे डोंगरात काम करणाऱ्यांना छळणाऱ्या ‘पोटू’ माशीला बेखर यांनी ‘सिम्युलियम इंडिकम’ हे नाव दिलं. पुढे कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये एन्रिको ब्रुनेटी यांनी १९११ च्या सुमारास अनेक जाती मांडल्या. ब्रुनेटी पेशानं संगीतकार होते, माश्या हा त्यांचा ध्यास होता. ब्रिटिश भारताच्या प्राणिसंपदेवरच्या ग्रंथमालेतले द्विपंखी कीटकांचे सुरुवातीचे खंड त्यांनीच लिहिले. पण त्या काळची वर्णनं बहुधा टाचणीला टोचलेल्या वाळक्या माशीवरून लिहिलेली, रंग आणि केस यांच्या भरवशावर.

ही पद्धत बदलली ती आय. एम. पुरी यांच्या कामानं. १९२५ मध्ये त्यांनी काळ्या माशीच्या अळी-कोषांची रचना आणि जीवनक्रम यांवर ‘पॅरासायटॉलॉजी’ नियतकालिकात सविस्तर लेखन केलं. पुढे कसौलीला मलेरिया सर्व्हे ऑफ इंडियात काम करताना १९३२-३३ मध्ये ‘स्टडीज ऑन इंडियन सिम्युलिडी’ ही त्यांची आठ भागांची मालिका ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आली. हिमालयापासून निलगिरी-पळणीपर्यंतच्या जाती त्यांनी मांडल्या, आणि शक्य तिथे मादी, नर, कोष, अळी अशा चारही अवस्था दिल्या. नावं देताना सहकारी आणि इतर अभ्यासक आठवले: क्रिस्टोफर्स, बॅरॉड, हाउलेट, ग्रेव्हली. पुरींचं नाव वैद्यकातल्या लोकांना मलेरियाच्या डासांच्या तक्त्यांमुळे जास्त माहीत. पण आज भारतात कुणीही काळ्या माशीची जात नवी आहे असं म्हणतो तेव्हा तो आधी पुरींची पानं उघडतो. नवी जात जुन्यांपैकी कुठल्याही नोंदीशी जुळत नाही, हे दाखवल्याशिवाय ‘नवी’ म्हणता येत नाही, आणि पुरींचं वर्णन नव्वद वर्षांनंतरही ताडून पाहता येतं.

गेल्या काही दशकांत जपानचे हिरोयुकी ताकाओका यांनी आशियाभर शेकड्यांनी जाती याच क्रमानं मांडल्या. तामिळनाडूत एस. अनबलगन आणि सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या ओढ्यांतून नव्या जातींची वर्णनं प्रसिद्ध केली. कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेनं दार्जिलिंग-कालिंपोंग भागातल्या माश्यांच्या जाती जनुकांच्या साहाय्यानं ओळखण्याचं काम केलं. जनुकाच्या एका ठरावीक तुकड्याची ६५८ अक्षरं वाचली की दोन माश्यांतलं अंतर कळतं. पण अक्षरांना शरीर जोडलेलं नसेल तर ती निरुपयोगी. ज्या माशीचा पाय जनुकासाठी घेतला, तिचं नख आणि पोट काचपट्टीवर असावंच लागतं.

दातावर काय अवलंबून असतं

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं विचारणाऱ्याला आफ्रिकेची गोष्ट सांगावी. १९२६ मध्ये ब्लॅकलॉक यांनी सिएरा लिओनमध्ये दाखवलं की डोळे घालवणारा एक कृमी काळ्या माशीच्या चाव्यातून पसरतो. माशी खळाळत्या नद्यांतली, म्हणून रोगाचं नाव ‘नदीचं आंधळेपण’. व्होल्टा नदीच्या खोऱ्यातली सुपीक जमीन लोकांनी सोडून दिली होती. १९७४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत मोठी मोहीम सुरू झाली, हेलिकॉप्टरमधून नद्यांत आठवड्याच्या आठवड्याला अळीनाशक टाकलं गेलं. पण मारायची माशी नेमकी कोणती? ‘सिम्युलियम डॅम्नोसम’ म्हणून एक समजली जाणारी जात प्रत्यक्षात अनेक जातींचा पुंजका होती. बाहेरून त्या जवळजवळ एकसारख्या. वाजिमे आणि डनबार यांनी १९७५ मध्ये अळीच्या रेशीमग्रंथींतल्या गुणसूत्रांवरचे पट्टे वाचून त्यात आठ जाती वेगळ्या केल्या. काही गवताळ प्रदेशातल्या, काही जंगलातल्या, रोग पसरवण्याची ताकद वेगवेगळी. औषध कुठल्या नदीत टाकायचं हे या ओळखीवर ठरू लागलं. २००२ मध्ये मोहीम संपली तेव्हा सुमारे ६ लाख माणसं आंधळी होण्यापासून वाचल्याचा आणि अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा वसवण्याजोगी झाल्याचा हिशेब मांडला गेला.

केनियातली गोष्ट त्याहून बोलकी. ‘सिम्युलियम नेव्हाय’ ही माशी १९१५ पासून नोंदलेली. ती माणसांना चावत होती, रोग पसरवत होती, पण तिच्या अळ्या कुणालाच सापडेनात. दगड पाहिले, गवत पाहिलं. अखेर १९५० च्या सुमारास त्या सापडल्या त्या ओढ्यातल्या खेकड्यांच्या पाठीवर. माशीची प्रौढ अवस्था तेवढी वर्णन करून थांबलेलं शास्त्र पस्तीस वर्षं अर्धवट राहिलं होतं.

भारत या आंधळेपणाच्या नकाशावर नाही. पण कीटकाची जात नीट ओळखण्याची गरज महाराष्ट्राला दुसऱ्या वाटेनं कळलेली आहे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरनं एक विषाणू वेगळा केला आणि गावाचं नाव त्याला कायमचं चिकटलं. काही वर्षांत औरंगाबाद भागात पकडलेल्या वाळूमाश्यांतून तोच विषाणू मिळाल्याचं १९७० मध्ये प्रसिद्ध झालं. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात मुलं दगावली, २०२४ मध्ये गुजरातेत पुन्हा. वाळूमाशीही काळ्या माशीएवढीच, किंबहुना लहान, आणि तिच्या जाती ओळखायच्या तर घशातले दात आणि पोटातली वीर्यपिशवी उघडून पाहावी लागते. साथ आली की फवारणी कुठे करायची हा प्रश्न सरकारी वाटतो. त्याचं उत्तर अशाच काचपट्टीवर असतं.

नाव, नमुना, चिठ्ठी

वर्णन पुरं झालं की नाव द्यायचं. ‘सिम्युलियम’ हे लॅटिन व्याकरणानुसार नपुंसकलिंगी, त्यामुळे गावावरून दिलेलं नाव ‘-एन्से’नं संपतं, जसं पळणीचं ‘पाल्नीएन्से’. उद्या अंजनीच्या काठी खरोखर निराळी माशी निघाली तर ‘धरणगावेन्से’ व्हायला व्याकरणाची हरकत नाही. स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नाही, हा शिष्टाचार.

नावापेक्षा महत्त्वाचा असतो तो नमुना. ज्या एका माशीवर जातीचं नाव टेकलेलं असतं तिला मूळ नमुना म्हणतात. पुढे कधी शंका आली तर कागदावरच्या शब्दांपेक्षा त्या नमुन्याचा शब्द अखेरचा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीचा नमुना नेमलेल्या संग्रहात जमा करावा लागतो आणि तशी सूचना द्यावी लागते. कीटकांसाठी त्याचा मार्ग भारतीय प्राणी सर्वेक्षणाकडे जातो. मुख्यालय कोलकात्यात, पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला. यावल अभयारण्यासारख्या राखीव वनात गोळा करायचं तर वनखात्याची परवानगी आधी हवी.

सगळ्यात स्वस्त वस्तू सगळ्यात जास्त वेळा चुकते, ती म्हणजे कुपीतली चिठ्ठी. ओढ्याचं नाव, गाव, तालुका, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, अळी दगडावर होती की गवतावर. लिहायचं पेन्सिलीनं, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठी नसलेली माशी कितीही सुरेख असली तरी शास्त्राच्या दृष्टीनं बेवारस.

खान्देशातल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत, साधे सूक्ष्मदर्शक आहेत, हिवाळ्यापर्यंत वाहणारे ओढे-पाट तासाभराच्या अंतरावर आहेत. कोष गोळा करणं, एकेका बाटलीत माशी काढणं, कवचासकट जपणं, चिठ्ठी लिहिणं, एवढ्याला महागडं यंत्र लागत नाही. जननेंद्रियांची चित्रं, जनुकांची अक्षरं, मूळ नमुन्यांशी ताडणं हे पुण्या-कोलकात्याच्या तज्ज्ञांबरोबर करता येतं, आणि त्यांच्या हाती नीट साखळी जोडलेले नमुने पडले तरच ते काम पुढे सरकतं. सुरुवात मात्र नव्या जातीच्या हावेनं करू नये. आधी पुरींचं वर्णन समोर ठेवावं, आपल्या मोरीतल्या माशीचे तंतू मोजावे, खाच पाहावी, नख पाहावं. बहुतेक वेळा ती जुन्या नोंदीशी जुळेल, आणि तीही नोंद या जिल्ह्यापुरती मोलाची ठरेल. जी कशाशीच जुळणार नाही, तिच्यासाठी मग कोरा कागद पुढे घ्यावा आणि पहिल्या ओळीत लिहावं: मादी.